डिस्पॅचमधला पोरगा आणि पस्तीस लाखांचं कर्ज

२०२१ च्या दिवाळीत, पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी, करवीर तालुक्यातले एक ऊस उत्पादक माझ्याकडे आले. बँकेच्या कर्ज विभागातून निवृत्त झाल्यापासून अशी माणसं येत असतात. कुणाला ट्रॅक्टरचं प्रकरण करायचं असतं, कुणाला जामीनकीतून सुटायचं असतं. यांना सगळं गाव आबा म्हणतं, मीही आबाच म्हणतो. फराळाच्या ताटाकडे न बघता ते म्हणाले, "सायेब, पोरगं इमान चालवायचं म्हणतंय. तुमी जरा समजावून सांगा."

कुणाला समजवायचं ते त्यांनी सांगितलं नाही. पोराला, की त्यांनाच.

पुढची चार वर्षं या घराचा हिशेब माझ्या डायरीत आहे. नावं देत नाही, आकडे देतो. परदेशी पायलट ट्रेनिंगबद्दल घराघरांत जी चर्चा चालते त्यात आकडे नेमके तेवढे नसतात.

मुलगा तेव्हा सत्तावीसचा. बारावी कॉमर्स, मग बी.कॉम., आणि सहा वर्षं गोकुळ शिरगाव एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत डिस्पॅचला. पगार ३४ हजार. चलन फाडायचं, गाडी भरून घ्यायची, ड्रायव्हरची सही घ्यायची, ई-वे बिल काढायचं, हे काम. फौंड्रीपासून उजळाईवाडीचा विमानतळ हाकेच्या अंतरावर. हा विमानतळ राजाराम महाराजांच्या काळातला, १९३९ चा. मध्ये कितीतरी वर्षं तिथं बघण्यासारखं काही नव्हतं. उडान योजनेनंतर नियमित विमानं सुरू झाली आणि पोराच्या डोक्यावरून रोज एटीआर जातीचं छोटं विमान जाऊ लागलं. "काका, गाडी भरताना टाइम बघायला घड्याळ लागत नव्हतं," तो मला म्हणाला. मी त्याला विचारलं, विमानात कधी बसलायस? नाही म्हणाला. पहिली सूचना मी तीच केली, की तिकीट काढ आणि एकदा बसून ये. गेला, मुंबईला जाऊन त्याच रात्री बसनं परत आला, आणि बेत तसाच राहिला.

त्याच्याकडे पुण्यातल्या एका सल्लागाराचं कोटेशन होतं. ४६ लाख, "सगळं मिळून". मी बँकेत असताना "सगळं मिळून" हे शब्द ज्या कोटेशनवर असत त्याच्या कडेला पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह काढत असे. इथंही काढलं.

हिशेब आम्ही तिघांनी बसून केला. लायसन्सला दोनशे तासांचं उड्डाण लागतं, त्यावर नेमकं संपवणारे विद्यार्थी थोडे, म्हणून जादा उड्डाणाचे ४ लाख धरले. तिकीट, व्हिसा, विमा, कोटेशनात नसलेलं राहणं-खाणं, ६ लाख. परदेशी लायसन्स घेऊन आल्यावर ते भारतात बदलून घ्यावं लागतं, त्यासाठी इथं पुन्हा उडून चाचण्या द्याव्या लागतात, ५ लाख. लायसन्स हातात आल्यावरही एअरबस ए३२० किंवा एटीआर चालवायला त्या-त्या जातीच्या विमानाचं टाइप रेटिंग लागतं, त्याचे १८ लाख. झाले ७९. शिवाय पोरगा घरात महिन्याला वीस हजार देत होता ते थांबणार. अडीच वर्षं धरली तर ६ लाख. ८५.

आबा बराच वेळ कागदाकडे बघत बसले. मग म्हणाले, "म्हंजे कोटेशनच्या दुप्पट की."

जवळपास तेवढंच.

याच बैठकीत मी एक क्रम लिहून दिला. आधी कमी खर्चाच्या आणि थेट बाहेर काढू शकणाऱ्या गोष्टी उरकायच्या, मोठा पैसा सगळ्यात शेवटी. सल्लागाराचा क्रम उलटा होता. प्रवेशाची रक्कम भरा, मेडिकल आपण करून घेऊ, पेपर तिकडून आल्यावर देता येतील. त्यात खोटं काही नव्हतं. कॉमिशन कुठल्या टप्प्यावर मिळतं हे लक्षात घेतलं की असा क्रम का असतो ते कळतं.

पहिली अडचण बारावीची निघाली. सीपीएलसाठी, म्हणजे व्यावसायिक पायलटच्या लायसन्ससाठी, बारावीला फिजिक्स आणि गणित लागतं. हा कॉमर्सचा. असे बरेच जण राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून, एनआयओएसमधून, हे दोन विषय देतात. यानंही दिले. पहाटे चार ते सात अभ्यास, आठला फौंड्री. गणितात निघाला, फिजिक्स दुसऱ्या खेपेला निघालं.

मेडिकल दोन पायऱ्यांचं. आधी क्लास टू, ते पुण्यात डीजीसीएच्या, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, यादीतल्या डॉक्टरांकडे झालं. मग क्लास वन, त्यासाठी तो बेंगळुरूला हवाई दलाच्या एरोस्पेस मेडिसिनच्या संस्थेत गेला. खर्च वाचवायला रात्रीची बस, सकाळी उपाशीपोटी थेट तपासणीला. रक्तदाब जास्त भरला. तात्पुरता अनफिट.

घरात सुतक. आबांनी दोन दिवस फोन उचलला नाही. आईनं मिठाची बरणी वरच्या फळीवर ठेवली. मला मात्र, खरं सांगतो, हायसं वाटलं होतं. तोपर्यंत एकूण खर्च लाखाच्या आत होता. हाच निकाल ४६ लाख भरल्यावर आला असता तर? तीन महिन्यांनी तो आदल्या दिवशी पोचला, लॉजवर झोपला, वजन सहा किलोंनी उतरवलेलं होतं, आणि फिट झाला. चाळिशीच्या आत हे सर्टिफिकेट बारा महिने चालतं, मग दरवर्षी नव्यानं. म्हणजे या धंद्यात पोटापाण्याचा परवाना दरवर्षी डॉक्टरच्या टेबलावरून परत मिळवावा लागतो. आबांना हे पचायला जड गेलं. ऊस लावला की तीन पिकं निघतात, हा त्यांचा हिशेब.

डीजीसीएचा कॉम्प्युटर नंबर, म्हणजे त्यांच्या पेपरांना बसायला लागणारा नोंदणी क्रमांक, काढताना आणखी दोन महिने गेले. कारण अगदी आपल्याकडचं. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, पासपोर्टवर शेवटी, आणि एनआयओएसच्या कागदावर वडिलांच्या नावाचं स्पेलिंग वेगळं. ज्यांना पुढं-मागं असा विचार आहे त्यांनी सगळ्या कागदांवरचं नाव आधी एकसारखं करून घ्यावं.

मग पेपर. एअर रेग्युलेशन्स, नेव्हिगेशन, मीटिओरॉलॉजी, टेक्निकल. पास व्हायला ७० टक्के. नेव्हिगेशनला पहिल्यांदा ६६ पडले. २०२३ च्या उन्हाळ्यापर्यंत सगळे सुटले. परदेशी जाण्याआधी ते सुटणं महत्त्वाचं होतं, कारण तिकडून आल्यावर अभ्यासाला बसायचं म्हणजे कर्जाचं व्याज अंगावर घेऊन बसायचं.

देशातच का नको, हे मी शेवटपर्यंत विचारत राहिलो. गोंदियाला आहे, बारामतीला आहे, आजारी पडला तर आई एसटीनं जाऊ शकते. त्याचं उत्तर एकच होतं, वय. पावसाळ्याचे महिने आणि विमानासाठीची रांग धरली तर इथं दोन वर्षं सहज जातात, तिकडं सव्वा वर्षात होतं, असा त्याचा अंदाज. मला तो पूर्ण पटला नाही. पण अठराव्या वर्षी सुरू करणारा आणि एकोणतिसाव्या वर्षी सुरू करणारा यांच्या एका वर्षाची किंमत सारखी नसते, एवढं मी मान्य केलं.

अमेरिका की दक्षिण आफ्रिका, यात त्याचं मन अमेरिकेत होतं. डॉलरचा भाव हे एक कारण झालं. दुसरं कारण मला त्यानंच शिकवलं. डीजीसीएला २०० तासांत १०० तास पीआयसी लागतात, म्हणजे पायलट-इन-कमांड, विमानाची सूत्रं तुमच्या हातात असलेले. त्यात वीस तास क्रॉस-कंट्री, एक उड्डाण किमान ३०० सागरी मैलांचं आणि वाटेत दोन वेगळ्या विमानतळांवर पूर्ण थांबून, आणि रात्रीचे पाच तास. अमेरिकेत शेजारी प्रशिक्षक बसलेला असतानाही काही परिस्थितीत हे तास पीआयसी म्हणून लिहिता येतात. आपल्याकडे ते धरत नाहीत. म्हणून तिथून अडीचशे तासांचं लॉगबुक घेऊन आलेल्यालाही इथं पीआयसी कमी पडू शकतात. तिथं शिकून आलेल्या दोघांशी बोलून त्यानं हे खात्रीनं काढलं होतं. अमेरिकेत जाणाऱ्यानं पहिल्या दिवसापासून दोन रकाने वेगळे ठेवले तर हा प्रश्न येत नाही. पण त्याचं बजेट आधीच ताणलेलं, म्हणून आफ्रिका.

आता तारण. आबांची साडेतीन एकर बागायत, बाजारभावानं कर्जाच्या कितीतरी पट. बँकेला ती नको होती. गावात याचा राग येतो, पण कारण सरळ आहे. कर्ज थकलं तर बँक ज्या सरफेसी कायद्यानं तारण विकते, त्याच्या ३१ व्या कलमात शेतजमीन वगळलेली आहे. साडेसात लाखांच्या वरच्या शैक्षणिक कर्जाला तारण तर हवंच. उरला मामाचा राजारामपुरीतला फ्लॅट.

मामा तयारच होता. कोल्हापुरात पोराला शिकायला बाहेर धाडायचं म्हटलं की शाहू महाराज आणि त्यांची बोर्डिंगं निघतातच. मामानं ती काढली, मांडीवर थाप मारली. पण फ्लॅट दोघांच्या नावावर. मामी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. ती चहाचे कप गोळा करता करता म्हणाली, "आणि भाऊजी, विमान कंपनीच बुडाली तर?"

सल्लागारानं दिलेल्या माहितीपत्रकात एअर इंडियानं फेब्रुवारी २०२३ मध्ये जाहीर केलेल्या ४७० विमानांच्या खरेदीची बातमी होती. त्यात एप्रिल २०१९ मध्ये जेट एअरवेज बंद पडल्याची नव्हती. मामीच्या प्रश्नाला महिना झाला नसेल, २ मे २०२३ ला गो फर्स्टनं दिवाळखोरीचा अर्ज केला. अनुभवी, टाइप रेटिंग असलेले पायलट एका दिवसात नोकरीच्या रांगेत, आणि नवशिका त्यांच्या मागं. जूनमध्ये इंडिगोनं ५०० विमानांची ऑर्डर दिल्याची बातमी आली तेव्हा पोरगा पेढे घेऊन आला. मी पेढा खाल्ला आणि एवढंच म्हणालो की ऑर्डर दिलेली विमानं यायला वर्षानुवर्षं लागतात, तुझा हप्ता दर महिन्याला येणार.

मामीनं सहीला अट घातली. एक वर्षाचे हप्ते आधी बाजूला ठेवा, त्या पैशाला हात लावायचा नाही, मग सही. या सगळ्या प्रकरणात इतकी शहाणी अट दुसऱ्या कुणी घातली नाही, मीही नाही.

सल्लागाराच्या कागदावर हप्ता ४८,२०० होता. ३५ लाख, ११ टक्के, दहा वर्षं, एवढ्याचं उत्तर तेच येतं. पण कोर्स आणि त्यानंतरचं वर्ष हप्ता नसला तरी व्याज चालू असतं. ते मुद्दलात मिळवलं की रक्कम ४१ लाख ३० हजारांच्या आसपास आणि हप्ता ५६,९०० च्या आसपास. आबांच्या ८ लाखांच्या ठेवीतले ७ लाख मामीच्या अटीखाली गेले.

टाइप रेटिंगचे १८ आम्ही जाणूनबुजून बाजूला ठेवले. काही कंपन्या टाइप रेटिंग नसलेले उमेदवारही घेतात. तेव्हाचं तेव्हा बघू, ही त्यातली जोखीम होती आणि ती मी कागदावर लाल पेनानं लिहिली. ७९ मधले उरले ६१. कर्ज ३५, पोराची बचत ७, आईच्या सोन्यावर ५, ठेवीतला उरलेला १. कमी पडले १३.

आबांनी रस्त्याकडेची जमीन काढायचं ठरवलं. सातबारा सामाईक, चुलत्याची सही लागणार. चुलता म्हणाला, "परक्याला मी सही देणार न्हाई." भांडण आठवडाभर चाललं, ते सगळं लिहीत नाही. शेवटी चुलत्यानं स्वतः १३ लाख दिले. पैसे फिटेपर्यंत दीड एकरातला ऊस त्याच्या नावावर कारखान्याला जाईल, असं ठरलं. जमीन घरात राहिली. आबांच्या हातात दोन एकरांचं बिल उरलं.

शेवटचा वाद पैसे भरण्याच्या पद्धतीचा. फी एकरकमी भरली तर ३ लाख सूट. चार टप्प्यांत भरली तर सूट नाही. मी व्याज काढलं. कर्ज पहिल्याच दिवशी पूर्ण उचललं असतं तर हप्ते सुरू होईपर्यंत साधारण २ लाख ३० हजार जास्त व्याज चढलं असतं. म्हणजे निव्वळ हिशेबात सूट घेणं ७० हजारांनी फायद्याचंच. पोरगा बी.कॉम., त्यानंही तेच उत्तर काढलं होतं. तरी मी टप्पे धरा म्हणालो. फ्लाइंग स्कूलकडं आपले पैसे असताना आपण गिऱ्हाईक राहत नाही, धनको होतो, आणि परदेशातला धनको फार दुबळा. परदेशी पैसे पाठवताना कापला जाणारा टीसीएस नावाचा करही तेव्हा असा होता, की ७ लाखांच्या वर स्वतःच्या पैशांवर ५ टक्के, शैक्षणिक कर्जातून पाठवले तर अर्धा टक्का. म्हणून तिकडची फी होता होईल तेवढी कर्जातून आणि घरचा पैसा इथल्या खर्चाला, अशी वाटणी केली. दर पुढं बदलले, तेव्हा हा आकडा आज कुणी धरू नये.

ऑगस्ट २०२३ मध्ये तो जोहान्सबर्गजवळ गेला. तिथं आणि आपल्यात साडेतीन तासांचा फरक, आईचा फोन रोज आपल्या रात्री दहाला. पठार समुद्रसपाटीपासून साडेपाच हजार फुटांच्या आसपास. हवा विरळ, उन्हाळ्यात चार सीटचं सेस्ना चढता चढत नाही, आणि दुपारनंतर गडगडाटी ढग. म्हणून पहाटे उडायचं. पहाटे उठायची सवय अभ्यासानं लागलीच होती. लोडशेडिंग तिथंही होतं, याचं आबांना फार समाधान वाटलं.

नव्वद तास होईपर्यंत सगळं ठीक चाललं. मग स्कूलची दोन विमानं दुरुस्तीला गेली आणि रांग वाढली. सात आठवड्यांत तो तीन वेळा उडाला. सल्लागार म्हणे, थोडं थांबा. तेव्हा दोन टप्पे भरलेले, दोन शिल्लक. त्यानं दुसरं स्कूल शोधलं.

इथं डिस्पॅचची सहा वर्षं कामाला आली. चलनावर त्याच दिवशी सही घ्यायची, उद्यावर ठेवली तर ड्रायव्हर गेलेला असतो, हे त्याच्या हाडात. लॉगबुकाचं पान भरलं की तो मुख्य प्रशिक्षकाकडून तपासून, शिक्का मारून घेत असे. बरोबरची मुलं हसायची. निघायचं ठरलं तेव्हा त्याचे नव्वद तास कुणाच्या मर्जीवर अवलंबून नव्हते. त्याच स्कूलमधून बाहेर पडलेल्या एकाला मागच्या पानांच्या सह्यांसाठी बरेच हेलपाटे घालावे लागले, असं तो सांगतो. बदलाचा जादा खर्च साडेतीन लाख आला. जादा उड्डाणाच्या ४ लाखांतून तो निघाला. एकरकमी भरले असते तर उरलेल्या फीच्या परताव्यासाठी आम्ही करवीर तालुक्यातून कुणाच्या दारात उभे राहिलो असतो, हे मला सांगता येणार नाही.

नोव्हेंबर २०२४ मध्ये लायसन्स हातात. एकूण २१२ तास, पीआयसी १०४.

माझा अंदाज चुकला तो इथं. आल्यावर सहा महिन्यांत नोकरी, असं मी २०२१ मध्ये लिहिलं होतं. मधल्या काळात क्लास वनची मुदत संपलेली, ते नव्यानं. परदेशी लायसन्सची तिथल्या खात्याकडून पडताळणी. मग इथल्या फ्लाइंग स्कूलमध्ये चाचण्यांसाठी विमानाची आणि परीक्षकाची तारीख, मध्ये हवामान. भारतीय सीपीएल यायला जून २०२५ उजाडला. कंपन्यांची भरती सुटते तेव्हा सुटते. या सात महिन्यांत कुणाची चूक अशी नव्हती, पण व्याज रोजचं होतं. परदेशात किती महिने लागतील हे प्रत्येक घर विचारतं. शेवटच्या उड्डाणापासून पहिल्या पगारापर्यंत किती महिने जातील, हे माझ्याकडं आलेल्या एकाही घरानं आपणहून विचारलेलं नाही.

जुलैपासून तो त्याच फौंड्रीत परत लागला. मालकानं ४२ हजारांवर घेतलं, मुलाखतीला सुट्टी देण्याच्या बोलीवर. गावात बोललं गेलंच, "इमान गेलं आणि चलन ऱ्हायलं." त्यानं मनाला लावून घेतलं नाही असं तो म्हणतो. आई म्हणते, घेतलं.

डिसेंबर २०२५ मध्ये हप्ता सुरू झाला. त्याच महिन्यात पायलटांच्या विश्रांतीच्या नव्या नियमांनंतर इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली आणि टीव्हीवर पायलट कमी पडल्याची चर्चा. आबांचा फोन आला, "सायेब, आता घेतील न्हवं?" मी सांगितलं की कमी पडतात ते बहुतेक तयार, अनुभवी पायलट, विशेषतः कॅप्टन. नवा माणूस घेऊन तयार करायला वेळ लागतो. त्यांना ते आवडलं नाही, मलाही सांगायला आवडलं नाही.

आजची स्थिती अशी. हप्ता मामीच्या ७ लाखांतून जातो आणि पगारातले वीस हजार तो दर महिन्याला त्याच ठेवीत भरतो, त्यामुळं वर्षाऐवजी दीड वर्षाहून थोडं जास्त निघेल. एका कंपनीची लेखी परीक्षा तो पास झालाय, पुढच्या फेरीची तारीख यायची आहे. तिथं निवड झाली तर टाइप रेटिंगचा खर्च कुणी आणि कसा करायचा, हे निवडपत्र आल्याशिवाय कळणार नाही. चुलत्यानं परवा विचारलं, अजून एक एकर लावू का माझ्याकडं? आबा गप्प राहिले. मी नको म्हणालो. निवडपत्राआधी एक रुपयाही नवा उचलायचा नाही, एवढंच माझं म्हणणं आहे, आणि पोराला ते सध्या मान्य आहे.

क्लास वनचं नूतनीकरण याच महिन्यात आहे. या खेपेला त्यानं बेंगळुरूचं बसचं तिकीट एक दिवस आधीचं काढलंय.